एक विषाणू, चौसष्ट सेंटिमीटर: टीएमव्हीचा जीनोम पायरीपायरीने वाचताना

दुकानात पावती छापायच्या यंत्रात घालतात तो कागदाचा रोल घ्या. त्यातला सत्तर सेंटिमीटरचा तुकडा फाडा, टेबलावर पसरा आणि दोन्ही टोकांवर काहीतरी जड ठेवा, नाहीतर तो लगेच गुंडाळला जातो. सोबत एक पट्टी, पेन्सिल आणि तीन रंगांची पेनं असू द्या. माप असं धरायचं: एक मिलिमीटर म्हणजे दहा न्यूक्लिओटाइड, म्हणजे आरएनएच्या साखळीतली दहा अक्षरं. तंबाखू मोझॅक विषाणूचा, म्हणजे टीएमव्हीचा, जीनोम (त्याची सगळी आनुवंशिक माहिती) ६३९५ न्यूक्लिओटाइडचा आहे. तो या पट्टीवर ६३९.५ मिलिमीटरमध्ये बसतो. पानंच्या पानं चट्टेपट्टेरी करून टाकणाऱ्या विषाणूची सगळी माहिती टेबलाच्या एका कडेला मावते.

वनस्पतिरोगशास्त्राच्या वर्गात जीनोमची आकृती फळ्यावर काढली जाते, मुलं ती वहीत उतरवून घेतात आणि परीक्षेत तशीच काढतात. चौकोन बरोबर येतात, पण ते त्याच जागी का आहेत हे कुणी विचारत नाही. खरं तर संपूर्ण मांडणी एका अडचणीतून उलगडते. वनस्पतीच्या पेशीतला रायबोसोम, म्हणजे प्रथिन बनवणारं यंत्र, एमआरएनएच्या (संदेशवाहक आरएनएच्या) ५′ टोकाला, म्हणजे सुरुवातीच्या टोकाला चढतो, पुढे सरकत पहिलं सोयीचं एयूजी गाठतो, तिथून तीन-तीन अक्षरांचा एकेक कोडॉन वाचत प्रथिन बनवायला लागतो आणि थांबा कोडॉन आला की उतरतो. एका एमआरएनएवर साधारण एकच प्रथिन, असा त्याचा शिरस्ता. विषाणूकडे मात्र एकच लांब आरएनए आहे आणि त्याला प्रथिनं हवीत चार. ही अडचण डोक्यात ठेवून पट्टी भरत गेलात तर पाठांतराची गरज उरत नाही.

आधी खात्री: हा आरएनए थेट वाचला जातो का?

कुठल्याही विषाणूचा नकाशा काढण्याआधी दोन प्रश्न विचारा. जीनोम आरएनएचा आहे की डीएनएचा? आणि आरएनएचा असेल तर धन धाग्याचा की ऋण धाग्याचा?

पहिल्या प्रश्नावर आपल्याकडे बरेच जण घसरतात. मिरची-टोमॅटोचा चुरडामुरडा पांढऱ्या माशीने पसरतो, पानं आक्रसतात आणि शेतात सगळे एकच शब्द वापरतात: व्हायरस. पण तो बेगोमोव्हायरसचा डीएनए आहे. या लेखातली रीत त्याला जशीच्या तशी लावू नका.

टीएमव्हीचा आरएनए धन धाग्याचा आहे, म्हणजे तो स्वतःच एमआरएनएचं काम करतो. ऋण धागा म्हणजे त्याची उलट प्रत, ती रायबोसोमला थेट वाचता येत नाही. याचा पुरावा १९५६ साली जर्मनीत ट्युबिंगेन इथे गिअरर आणि श्राम यांनी दिला. त्यांनी विषाणूचं प्रथिन काढून टाकलं, नुसता आरएनए तंबाखूच्या पानावर चोळला आणि तरीही रोग झाला. ऋण धाग्याच्या किंवा दोन्ही बाजूंनी वाचल्या जाणाऱ्या विषाणूंचं असं होत नाही. टोमॅटोवरचा भुईमूग शेंडेमर विषाणू घ्या. त्याचा नुसता आरएनए पेशीत सोडला तर पुढे काहीच घडत नाही, कारण आरएनए वाचण्याजोगा करणारं विकर कणातूनच यावं लागतं. म्हणून ट्युबिंगेनचा तो प्रयोग मला टीएमव्हीच्या सगळ्या इतिहासात मोलाचा वाटतो. नकाशा डावीकडून उजवीकडे वाचायची परवानगी आपल्याला त्याने दिली.

क्रम उघडा आणि अक्षरांकडे डोळ्यांनी बघा

एनसीबीआय या अमेरिकेतल्या जैविक माहितीच्या खुल्या ऑनलाइन संग्रहाच्या न्यूक्लिओटाइड विभागात विषाणूचं पूर्ण इंग्रजी नाव घालून संपूर्ण जीनोम शोधा. संदर्भ नोंद एनसी_००१३६७ या क्रमांकाची आहे. क्रम आरएनएचा असला तरी फाइलमध्ये यू ऐवजी टी छापलेला असतो, सगळीकडे तीच प्रथा आहे. एयूजी शोधताना एटीजी टाइप करा. दरवर्षी कुणीतरी यू टाकून शोधतं, काही सापडत नाही आणि फाइल बिघडली आहे अशी तक्रार येते.

सॉफ्टवेअरकडे वळण्याआधी पहिली सत्तर अक्षरं स्वतः वाचा. क्रम जी टी ए, मग टी टी टी टी टी, ए सी ए ए सी ए ए असा सुरू होतो. पुढे सीएए, सीएए, सीएए ही लय पुन्हा पुन्हा येत राहते. आता जी या अक्षरावर बोट ठेवत जा. पहिलंच अक्षर जी आहे, आणि त्यानंतरचा जी थेट ७१व्या जागी भेटतो. तो पहिल्या एटीजीमधला जी आहे. मधे एकही नाही. जी कमी म्हणजे घट्ट घड्या पडण्याची शक्यता कमी, म्हणून रायबोसोमला हा भाग मोकळ्या रस्त्यासारखा मिळतो. या ६८ अक्षरांच्या पट्ट्याला ओमेगा म्हणतात. प्रथिननिर्मितीचा वेग तो इतका वाढवतो की वनस्पतींमध्ये परकी जनुकं जोरात चालवायची असली तर संशोधक हाच तुकडा उचलून जनुकापुढे जोडतात.

आरएनएच्या अगदी टोकाला मिथाइल ग्वानोसिनची टोपी असते. वनस्पतीच्या स्वतःच्या एमआरएनएलाही तीच असते, त्यामुळे रायबोसोमला हा पाहुणा परका वाटत नाही.

पट्टीवर डावीकडून ६.८ मिलिमीटरपर्यंत पेन्सिलने हलकं रंगवा, टोकाला छोटा गोल काढा. टोपी आणि ओमेगा झाले.

पहिला मोठा चौकोन, आणि गळका थांबा

आता एनसीबीआयचंच ओआरएफफाइंडर उघडा आणि क्रम त्यात घाला. ते वाचनचौकटी शोधतं, म्हणजे एटीजीपासून थांबा कोडॉनपर्यंत सलग वाचता येणारे पट्टे. सर्वांत मोठी वाचनचौकट ६९ ते ३४१९ अशी दिसेल. लांबी काढायची रीत एकदाच पक्की करून घ्या: शेवट वजा सुरुवात, अधिक एक. ३४१९ वजा ६९ अधिक १ म्हणजे ३३५१. तीनने भागा, १११७ कोडॉन आले. त्यातला शेवटचा थांबा कोडॉन आहे, त्याला अमिनो आम्ल नाही. म्हणून प्रथिन १११६ अमिनो आम्लांचं. वजन सुमारे १२६ किलोडाल्टन, म्हणून याला १२६के म्हणतात. थांबा कोडॉन वजा करायचा राहिला की उत्तर एकाने चुकतं, आणि ती एकाची चूक पुढे महागात पडते. कशी, ते आता येईलच.

पट्टीवर ६.९ ते ३४१.९ मिलिमीटर असा निळा चौकोन काढा. निम्म्याहून जास्त पट्टी संपली. या प्रथिनाच्या डाव्या भागात टोपी बसवणारं मिथाइलट्रान्सफरेज आहे, उजव्या भागात आरएनएच्या घड्या उलगडणारं हेलिकेज. वनस्पती परक्या आरएनएचे तुकडे करते, त्या बचावालाही हेच प्रथिन दाबतं.

पण नक्कल करणारं विकर, म्हणजे पॉलिमरेज, कुठे आहे? ओआरएफफाइंडर पुढे याच चौकटीत आणखी एक वाचनचौकट वेगळी दाखवेल, साडेतीन हजारांच्या आसपास सुरू होऊन ४९१९ला संपणारी. विद्यार्थी इथे दोन चौकोन काढून मोकळे होतात. थांबा. फाइलमध्ये ३४१७ ते ३४१९ ही तीन अक्षरं शोधा: टीएजी, म्हणजे आरएनएत यूएजी. त्याच्या आधी सीएए आहे, आणि त्याच्यानंतर सीएए, टीटीए. ही शेजारची अक्षरं थांबा कोडॉनला गळका करतात. शंभरातले पाच-दहा रायबोसोम इथे उतरत नाहीत. टायरोसिन हे अमिनो आम्ल आणणारा टीआरएनए (अमिनो आम्लं पोहोचवणारा छोटा आरएनए) यूएजीवर बसतो, तिथे टायरोसिन लागतं आणि गाडी तशीच पुढे जाते. सॉफ्टवेअरला फक्त यूएजी दिसतो, गळती दिसत नाही.

आता हिशेब करा. ३४२० ते ४९१९ म्हणजे बरोबर १५०० न्यूक्लिओटाइड, ५०० कोडॉन. शेवटचा थांबा वजा केला की ४९९ अमिनो आम्लं. आधीची १११६, त्यात यूएजीच्या जागी लागलेलं एक टायरोसिन, त्यात ४९९. एकूण १६१६. या लांब प्रथिनाला १८३के म्हणतात. नोंदीत त्याची लांबी तपासा, १६१६च आहे. मघाशी एकाची चूक केली असती तर हा मेळ बसला नसता. त्या एका टायरोसिनमध्ये संपूर्ण युक्ती सामावलेली आहे, म्हणून मी हा हिशेब मुलांकडून कागदावरच करून घेतो.

निळ्या चौकोनाला ३४२ ते ४९२ मिलिमीटर अशी फिकट निळी जोड द्या. शाळेतली लहान पट्टी आडवी ठेवली की बरोबर पुरते, पंधरा सेंटिमीटर. सांध्यावर लाल ठिपका द्या. पॉलिमरेज या जोडीतच आहे. पॉलिमरेज दहा पट कमी का बनवायचं, हेही लक्षात घ्या. नकला करायला थोडे रेणू पुरतात, बाकीच्या कामांना जास्त लागतात. हे प्रमाण राखायला विषाणूने वेगळी यंत्रणा उभी केली नाही, एक थांबा थोडासा सैल ठेवला आणि काम भागलं.

वाहक प्रथिन आणि कवचप्रथिन: छोट्या प्रतींची वाट

तिसरी वाचनचौकट ४९०३ ते ५७०९. लांबी ८०७, कोडॉन २६९, अमिनो आम्लं २६८. हे ३०के वाहक प्रथिन. ती १८३केच्या शेवटाच्या १७ न्यूक्लिओटाइड आधीच सुरू होते, म्हणजे तेवढी अक्षरं दोन वेगळ्या चौकटींत दोनदा वापरली जातात. पट्टीवर हा ओव्हरलॅप दीड-पावणेदोन मिलिमीटरचा आहे. पेन बारीक असेल तरच नीट दिसेल, पण काढाच.

चौथी ५७१२ ते ६१९१. लांबी ४८०, कोडॉन १६०, अमिनो आम्लं १५९. पुस्तकात मात्र टीएमव्हीचं कवचप्रथिन १५८ अमिनो आम्लांचं लिहिलेलं असतं. दोन्ही बरोबर आहे, कारण सुरुवातीचं मेथिओनिन नंतर कापून टाकलं जातं. वाहक प्रथिनाचा शेवट आणि कवचप्रथिनाची सुरुवात यांमध्ये फक्त दोन अक्षरं मोकळी आहेत.

मग रायबोसोमचा शिरस्ता आठवा. तो ५′ टोकावरून येतो आणि ३४१९ला किंवा ४९१९ला उतरतो. या दोन चौकटींपर्यंत तो पोहोचतच नाही. विषाणूने वाट वेगळी काढली आहे. पॉलिमरेज आधी संपूर्ण आरएनएची ऋण प्रत करतं, मग त्या ऋण प्रतीच्या अधल्यामधल्या जागेपासून सुरुवात करून छोट्या धन प्रती काढतं. यांना सबजीनोमिक आरएनए म्हणतात. एका छोट्या प्रतीचं ५′ टोक वाहक प्रथिनाच्या जरा आधी पडतं, दुसरीचं कवचप्रथिनाच्या जरा आधी. दुसरी प्रत जेमतेम ७०० न्यूक्लिओटाइडची आहे. जनुक लांबच्या टोकाला होतं तेच आता रायबोसोमच्या दारात आलं.

हे नुसतं वाचून डोक्यात बसत नाही. रोलचे आणखी दोन तुकडे फाडा आणि मूळ पट्टीच्या खाली, उजव्या कडा जुळवून ठेवा. एक साधारण दीडशे मिलिमीटरचा, वाहक प्रथिनाच्या चौकोनाच्या किंचित आधीपासून शेवटपर्यंत. दुसरा सत्तर मिलिमीटरचा. तिन्ही तुकड्यांचा उजवा भाग सारखा आहे, डावं टोक वेगवेगळं. प्रत्येक तुकड्यावरचा फक्त पहिला चौकोन रंगवा. रायबोसोमला नेमकं तेवढंच दिसतं.

प्रमाणाचाही विचार करा. वाहक प्रथिन संसर्गाच्या सुरुवातीच्या काळात, थोडं बनतं. कवचप्रथिन उशिरा, पण प्रचंड बनतं. जीनोमचा जेमतेम साडेसात टक्के भाग व्यापणारं हे जनुक आजारी पानातलं सर्वांत मुबलक विषाणू-प्रथिन देतं. नकाशावरची जागा आणि पेशीतलं प्रमाण यांचा संबंध नाही, हे नवख्यांना पटवायला कागदाचे हे तीन तुकडे पुरतात.

वाहक प्रथिन मात्र खास वनस्पतींच्या विषाणूंची गोष्ट आहे. वनस्पतीच्या पेशीभोवती भिंत असते, आणि शेजारच्या पेशीत जायला प्लाझ्मोडेस्माटा नावाचे बारीक मार्गच असतात. ते आरएनएच्या मानाने फार अरुंद. ३०के प्रथिन ते मार्ग सैल करून आरएनएला पलीकडे नेतं. ते बिघडलं तर विषाणू पहिल्या पेशीत वाढेल, पण तिथेच अडकून राहील.

उजवं टोक

६१९२ ते ६३९५ ही २०४ अक्षरं उरली. इथे प्रथिनाची माहिती नाही, आणि एमआरएनएला असते तशी ए अक्षरांची शेपूटही नाही. त्याऐवजी आरएनए स्वतःवर दुमडून टीआरएनएसारखा आकार घेतो. सोंग इतकं बेमालूम की वनस्पतीचं विकर त्याच्या टोकाला हिस्टिडीन जोडून टाकतं. क्रमाची शेवटची अक्षरं सीसीए आहेत, खऱ्या टीआरएनएला असतात तीच. ऋण प्रतीची सुरुवात इथूनच होते.

आता पडताळा घ्या. प्रथिनात न जाणारी अक्षरं किती? डावीकडची ६८, मधली २, उजवीकडची २०४, एकूण २७४. ६३९५ मधून वजा केली की ६१२१ उरतात. सव्वाचार टक्क्यांच्या आसपास मोकळी जागा, आणि तीही कामाची. बेरीज जुळली नाही तर चौकोन पुन्हा मोजा. बहुतेक वेळा १७ अक्षरांचा ओव्हरलॅप दोनदा धरलेला असतो.

नकाशावर न दिसणारी एक जागा

आणखी एक खूण राहिली. उजव्या टोकापासून साधारण ९० मिलिमीटर आत, म्हणजे वाहक प्रथिनाच्या चौकोनातच, एक तारा काढा. ही कण बांधायला सुरुवात होण्याची जागा. कवचप्रथिन टोकापासून नाही, इथून आरएनएवर चढायला लागतं. आरएनएचा एकच पट्टा इथे दोन कामं करतो: रायबोसोमसाठी प्रथिनाची माहिती, कवचप्रथिनासाठी पत्ता.

कवचप्रथिनाची एक प्रत तीन न्यूक्लिओटाइड झाकते. साधारण २१३० प्रती लागतात, तिपटीने ६३९०, जीनोमच्या लांबीशी जुळतं. सर्पिलाच्या एका फेऱ्यात सोळा आणि एक तृतीयांश प्रती बसतात, म्हणजे सुमारे १३० फेरे. दोन फेऱ्यांमधलं अंतर २.३ नॅनोमीटर. गुणाकार केला की ३०० नॅनोमीटर येतात, आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली टीएमव्हीची कांडी तेवढीच लांब दिसते. कांडीची लांबी जीनोमच ठरवतो.

ही जागा सगळ्या नातेवाईकांत एकच नसते. काकडी-कलिंगडावरच्या सीजीएमएमव्ही विषाणूत ती कवचप्रथिनाच्या जनुकात आहे. त्यामुळे तिथे कवचप्रथिनाची छोटी प्रतही कवचात गुंडाळली जाते आणि नमुन्यात आखूड कांड्या दिसतात. सूक्ष्मदर्शकाखाली दोन लांबीच्या कांड्या दिसल्या म्हणून नमुना तुटलाय असं लगेच लिहू नका.

पैदासकाराच्या नजरेने तीच पट्टी

आता पट्टीच्या वरच्या बाजूला प्रतिकारक जनुकांची नावं लिहा. तंबाखूतलं एन जनुक १२६केचा हेलिकेज भाग ओळखतं, म्हणून निळ्या चौकोनाच्या उजव्या भागावर बाण. हे जनुक २८ अंश सेल्सिअसच्या वर काम करेनासं होतं. चाचणीची रोपं उन्हाळ्यात तापलेल्या शेडनेटमध्ये ठेवायचा विचार असेल तर आधी तापमापक बघा. टोमॅटोतलं टीएम-२ स्क्वेअर जनुक वाहक प्रथिन ओळखतं, बाण तिकडे.

टोमॅटोचं हे जनुक अनेक दशकं टिकलं. मग इस्राएल आणि जॉर्डनमध्ये गेल्या दशकाच्या मध्यावर टोमॅटो ब्राऊन रुगोज फ्रूट व्हायरस सापडला. त्याचा जीनोम टीएमव्हीएवढाच आणि मांडणी अगदी हीच. फरक वाहक प्रथिनात पडला होता, त्यामुळे टीएम-२ स्क्वेअरला तो ओळखू येईना. मांडणी तीच राहून एका चौकोनातली अक्षरं बदलली आणि जगभरच्या टोमॅटो उत्पादकांची झोप उडाली. नवा क्रम हातात आला की आधी चौकोन जुळवावेत आणि मग बाण असलेल्या जागी अक्षरं ताडून बघावीत, असं मी म्हणतो ते यामुळेच.

आरटी-पीसीआर या आरएनए ओळखणाऱ्या चाचणीचे प्रायमर (शोधायच्या भागावर बसणारे छोटे तुकडे) ठरवतानाही ही पट्टी समोर हवी. उजव्या टोकाजवळचा भाग पूर्ण आरएनएतही असतो आणि छोट्या प्रतींमध्येही, त्यामुळे कवचप्रथिनाच्या भागातून खूण जोरात मिळते. किती विषाणू-जीनोम आहेत ते मोजायचं असेल तर मात्र प्रायमर डाव्या भागात, १२६केमध्ये घ्या. नाहीतर छोट्या प्रतीही मोजल्या जाऊन आकडा फुगतो.

दुसरी पट्टी: पपई

रीत आली की नाही हे दुसऱ्या विषाणूवरच कळतं. खानदेशातला केळीउत्पादक ज्याला हरण्या म्हणतो तो काकडी मोझॅक विषाणू तीन वेगळ्या आरएनएत विभागलेला आहे, त्याला तीन पट्ट्या लागतात. पण सरावाला मी पपईचा रिंगस्पॉट विषाणू सुचवेन. पपई लावणाऱ्या बहुतेकांनी फळांवरची ती वर्तुळं पाहिलेली आहेत.

हवाई बेटांवरच्या वाणाचा जीनोम १०३२६ न्यूक्लिओटाइडचा आहे. रोलमधून एक मीटर दहा सेंटिमीटर फाडा. डाव्या टोकाला टोपीऐवजी व्हीपीजी नावाचं प्रथिन जोडलेलं असतं, उजव्या टोकाला ए अक्षरांची शेपूट. मधे एकच अजस्र वाचनचौकट, ३३४४ अमिनो आम्लांची. गळका थांबा नाही, सबजीनोमिक आरएनए नाही. रायबोसोमचा शिरस्ता या विषाणूने जसाच्या तसा मान्य केला: एक आरएनए, एक प्रथिन. मग त्या लांबलचक प्रथिनाचे नऊ ठिकाणी तुकडे पाडून दहा प्रथिनं बनवली. कापणारी तीन विकरं त्या साखळीतच बसलेली आहेत. पीआयपीओ नावाचं आणखी एक छोटं प्रथिन त्या दहांपैकी पी३ नावाच्या प्रथिनाच्या पोटात वेगळ्या चौकटीत लपलेलं आहे, ते २००८ साली ध्यानात आलं.

दहा तुकड्यांत एचसी-प्रो दिसेल. मावा हा विषाणू एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो तो याच प्रथिनाच्या मदतीने. आता टीएमव्हीची पट्टी शेजारी ओढा आणि असा चौकोन शोधा. तो नाही. टीएमव्ही हात, चाकू, कपडे आणि रोपांच्या घासण्यातून पसरतो, त्याला नेणारा कीटक लागत नाही. एका शेतात माव्याचा बंदोबस्त करायचा आणि दुसऱ्यात छाटणीच्या कात्र्या धुवायच्या, हे या दोन पट्ट्या शेजारी ठेवल्या की कागदावरच दिसतं.